नकाराची ओळ

शिवलीलानं आदेश टाइप केला, एकदा वाचला, मग पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचला आणि एंटर दाबलं. पडद्यावर काहीच घडलं नाही. काही घडू नये यासाठीच गेले दोन महिने ती राबत होती.

"झालं?" मागून उदयसिंह सरांनी विचारलं. त्यांच्या दोन्ही हातांत चहाचे कागदी कप होते. एक त्यांनी तिच्या कीबोर्डपासून हातभर लांब ठेवला.

"झालं, सर. अकरा वाजून दहा मिनिटांनी लागू."

"एवढंच? मला वाटलं, काहीतरी लाल-हिरवं लागेल."

"लाल लागलं तर वाईट असतं."

"मग नको लागू देऊ बाई. पाहुण्यांची जेवणं होईपर्यंत तरी."

पाहुणे म्हणजे पुण्याहून आलेले दोन तपासनीस. सकाळपासून ते शेजारच्या बैठकीच्या खोलीत कागद पसरून बसले होते. दुसऱ्या एका गावातल्या दवाखान्यातून हजारो रुग्णांची माहिती चोरीला गेली होती, त्यानंतर सगळ्याच दवाखान्यांच्या मागं हे शुक्लकाष्ठ लागलं होतं. सोलापुरातल्या या दोनशे खाटांच्या ट्रस्टच्या रुग्णालयात संगणक विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, उदयसिंह सर आणि दहा महिन्यांपूर्वी लागलेली शिवलीला. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून तिनं वर्षभराचा सुरक्षेचा अभ्यासक्रम केला होता. मोजल्याशिवाय काही बोलायचं नाही, ही भौतिकशास्त्राची सवय मात्र सुटली नव्हती.

तिनं आज कुंपण घातलं होतं ते 'टपाल'ला. टपाल हा एक प्रोग्रॅम. त्याला तोंड नाही, खिडकी नाही, तो कुणाला दिसत नाही. सर्व्हर चालू झाला की तो मागं कुठंतरी चालू होतो आणि चालतच राहतो. लॅबमधून सही झालेले रिपोर्ट उचलायचे, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला रुग्णांच्या मोबाइलवर पाठवायचे, एवढंच त्याचं काम. पण काम एवढंसं असलं तरी मुभा सगळ्या घराची होती. सर्व्हरवरची कुठलीही फाइल त्याला उघडता येत होती. उद्या कुणी चोर टपालच्या आडून आत शिरला, तर त्यालाही सगळी दारं उघडीच मिळाली असती.

म्हणून नियम. टपालनं काय वाचायचं, कुठं लिहायचं, बाहेर कुठल्या वाटेनं जायचं, ते एकेक करून लिहून काढायचं. लिहिलं नाही ते सगळं बंद. आणि हे नियम फाइलच्या मालकाला विचारत नाहीत. मालक म्हणाला, माझी फाइल आहे, वाचू दे त्याला, तरी नियमात नसेल तर नाहीच.

असं कुंपण एकदम घालत नाहीत. आधी काही दिवस नुसती नोंद ठेवतात. टपाल जिथं जाईल तिथं जाऊ द्यायचं, फक्त लिहून घ्यायचं. मग त्या नोंदींवरून नियम बेतायचे. शिवलीलानं पूर्ण सात दिवस नोंद ठेवली होती, रविवार धरून, म्हणजे कुठल्या वाराचं काही निसटायला नको. चार हजारांवर ओळी तिनं नजरेखालून घातल्या होत्या. त्यातून एकेचाळीस नियम निघाले. विश्वस्तांची त्यावर कालच सही झाली होती.

ती नोंदवही पडद्यावर उघडी ठेवून ती चहा प्यायली. साडेअकरा. पावणेबारा. खाली रस्त्यावर रिक्षावाल्याशी कुणीतरी तेलुगूत वाद घालत होतं. मार्चचं ऊन खिडकीच्या काचेवर आलं होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी नकाराची पहिली ओळ उमटली.

टपालला एक फाइल वाचायची होती आणि कुंपणानं त्याला अडवलं होतं. फाइलचं नाव 'तडी'. जागा, लॅबमधल्या एका कर्मचाऱ्याचा खासगी फोल्डर. बारा वीसला तीच ओळ पुन्हा आली.

शिवलीला खुर्चीत पुढं सरकली. चोरी म्हणावी तर ती असली नसते. चोर दहा-दहा मिनिटांनी घड्याळ लावून येत नाही. आणि तडी म्हणजे कन्नडमध्ये थांब. अक्कलकोटला तिच्या घरी आई दिवसातून वीसदा म्हणायची. फोल्डरचं नाव तिनं पुन्हा पाहिलं. गौरम्मा. लॅबच्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. एरवी वर्षभर सुट्टी न घेणाऱ्या, आणि भाचीच्या लग्नासाठी दहा दिवस गेलेल्या त्या आजच परतल्या होत्या.

तिनं टपालचा मूळ मजकूर उघडला. चार वर्षांपूर्वी बंगळुरूला निघून गेलेल्या बसप्पानं तो लिहिला होता. शोधल्यावर मधोमध तीन ओळी सापडल्या. पाठवायला पन्नास मिनिटं उरली की दर दहा मिनिटांनी बघ, गौरम्मांचा फोल्डर उघडा असेल तर तडी वाच. तीत ज्या रिपोर्टचा नंबर असेल तो पाठवू नकोस. फाइल वाचता आली नाही, तर ती रिकामी आहे असं समज.

गौरम्मांचा फोल्डर त्या कामावर आल्या की उघडत असे. त्या सुट्टीवर होत्या तेच दहा दिवस, आणि त्यातलेच सात शिवलीलाच्या नोंदीचे. तिनं आठवड्यातला प्रत्येक वार धरला होता. माणूस धरलं नव्हतं.

तिनं घड्याळ पाहिलं आणि लिफ्टची वाट न बघता ती जिन्यानं खाली लॅबमध्ये गेली.

गौरम्मा सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या. डोळा न काढता त्यांनी पायानं एक स्टूल तिच्याकडं सरकवलं. "बा, कुंद्रू. लग्नाचा लाडू हाय डब्यात, घे."

"अक्का, तडी म्हणून तुमची फाइल आहे?"

"हाय की. आज सकाळीच एक नंबर घातलाय. का गं, पुसलीस का काय?"

"नाही. पण टपालला ती वाचता येत नाहीये. मी सकाळी नवीन नियम लावलेत."

"मग वाच म्हनून सांग त्येला."

"सांगून ऐकत नाही तो. फाइल तुमची, तुम्ही हो म्हणालात तरी नियम नाही म्हणतो."

"माज्या सासऱ्यागत झालं म्हना," गौरम्मा म्हणाल्या, आणि मग त्यांनी डोळा काढला. "आन् वाचली न्हाय तर काय करतो?"

"यादी रिकामी आहे असं समजतो. पाठवून देतो."

"एकला?"

"एकला."

गौरम्मांनी काचपट्टी उचलून ट्रेमध्ये ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात बारा अठ्ठावीस झाले होते.

"चन्नम्मा म्हनून बाई हाय, वळसंगची," त्या म्हणाल्या. "हितं टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालते. गाठीचा रिपोर्ट हाय तिचा. चांगला न्हाय. डॉक्टरांनी तीनला बोलिवलंय, समोर बसवून सांगनार हायत. पन फॉर्मवर जो नंबर दिलाय तो पोरीचा. घरात तेवढाच मोबाइल. पोरगी दहावीला. आज इतिहासाचा पेपर, एकला सुटतो. बाहेर आली की दप्तरातनं पयला काय काढंल ती?"

शिवलीलानं पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"इंग्रजी वाचाया येतं तिला. आईला वाचून दावती सगळं."

"यादीत अशीच माणसं असतात, अक्का?"

"फॉर्म नंबर मागतो. कुनाचा, ते इचारत न्हाय. कोन शेजाऱ्याचा देतं, कोन किराणा दुकानदाराचा, कोन दिराचा. मी आपली नमुना घेतानाच इचारून ठिवते, ह्यो मोबाइल कुनाजवळ असतो म्हनून. तसला रिपोर्ट असला की नंबर तडीत घालते. बसप्पाला सांगितलं व्हतं, त्यानं करून दिलं."

"मी सगळ्या विभागांना पत्र पाठवलं होतं. टपाल तुमच्यासाठी काय काय करतो, लिहून द्या म्हणून."

"आलं व्हतं की. पन त्यात संगनकाचं इचारलं व्हतं." गौरम्मांना यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. "ह्ये कुटं संगनकाचं हाय?"

"तुमच्या सुट्टीत कोण थांबवत होतं?"

गौरम्मांनी पुढची काचपट्टी घेतली, फडक्यानं पुसली, मग पुन्हा पुसली.

"कोन न्हाय," त्या म्हणाल्या. "गेले. सगळेच गेले."

*

उदयसिंह सरांना तिनं बैठकीच्या खोलीतून बाहेर बोलावलं. त्यांनी दार मागं ओढून घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. शिवलीलानं आधी कारण सांगितलं, मग वेळ सांगितली, मग आपली चूक सांगितली, त्याच क्रमानं.

"तासभर कुंपण काढता येणार नाही," ते म्हणाले. "आत्ता दहा मिनिटांपूर्वी मी त्यांना तेच दाखवून आलोय. 'हे बघा, कुणालाच काढता येत नाही,' म्हणून."

"नवा नियम?"

"विश्वस्त अक्कलकोट रोडला कारखान्यावर आहेत. सही संध्याकाळी." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि एक विचारतो, राग मानू नकोस. रिपोर्ट पेशंटचा आहे. तो कुणी बघायचा आणि कधी, हे लॅबमधल्या बाई आपल्या फोल्डरमधून ठरवणार? कुणाला न सांगता? इतकी वर्षं? तू आत त्यांच्यापुढं उभी राहून याचं समर्थन करशील?"

शिवलीलानं विचार केला. तिला खोटं उत्तर द्यायचं नव्हतं.

"नाही करता येणार," ती म्हणाली. "पण मेसेज एकला जाईल, सर."

सरांनी घड्याळाकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"नियम बदलायला नको," ती म्हणाली. "फाइलची जागा बदलू. टपालचं स्वतःचं एक कपाट आहे, त्यातलं सगळं वाचायची त्याला मुभा आहेच. यादी त्यात ठेवली की तो वाचेल. बसप्पाच्या ओळीत फक्त पत्ता बदलायचा."

"मग गौरम्माबाईंना त्यात लिहिता येईल?"

"नाही. त्या कपाटात फक्त आपल्या विभागाला लिहिता येतं."

"म्हणजे यादी कोण लिहिणार?"

"मी."

"आणि तुला कोण विचारणार?"

हा प्रश्न त्यांनी टोमण्यासारखा विचारला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. सरांनी बैठकीच्या खोलीच्या दारावर हात ठेवला.

"रजिस्टर घाल," ते म्हणाले. "कागदाचं. नंबर, वेळ, कुणाच्या सांगण्यावरून, तुझी सही. त्या दोघांनी विचारलं तर रजिस्टर दाखवीन. नाही विचारलं तर त्यांना शेंगाचटणी देऊन पाठवीन."

बारा एक्केचाळीस. तिनं कपाटात कोरी फाइल केली, नाव तडीच ठेवलं. लॅबला फोन लावला. गौरम्मांनी नंबर एकेक अंक सुटा करून सांगितला, तिनं तो तसाच परत म्हणून दाखवला. बसप्पाच्या ओळीतला पत्ता बदलताना तिनं मूळ ओळ पुसली नाही, वर तशीच जपून ठेवली. टपाल थांबवून पुन्हा चालू केला. बारा पन्नासला तो यादीपाशी गेला. नोंदवहीत नकार उमटला नाही.

एक वाजता टपालनं चौसष्ट रिपोर्ट उचलले आणि त्रेसष्ट मेसेज पाठवले. शिवलीलानं ते आकडे नव्या रजिस्टरात नंबरासोबत लिहिले, खाली सही केली आणि मग तिला जाणवलं, की सकाळपासून चहाखेरीज पोटात काही नाही.

तपासनीस अडीचला गेले. त्यांनी रजिस्टर मागितलं नाही. एकेचाळीस नियमांचं मात्र कौतुक केलं.

*

पावणेचारला दारात गौरम्मा उभ्या राहिल्या. तीन मजले चढून त्यांना धाप लागली होती. त्यांच्या मागं चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई होती, हिरव्या काठाच्या सुती लुगड्यात, हातात डॉक्टरांचा कागद. कागदाच्या तिनं घड्या घातल्या होत्या, काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, एक दोरासुद्धा इकडंतिकडं नाही.

"ही चन्नम्मा," गौरम्मा म्हणाल्या. "म्या म्हनलं हिला, आता माज्या हातात न्हाय, वरच्या बाईच्या हातात हाय. तर म्हनती, मग त्यांनाच सांगते."

शिवलीला उठली, खुर्ची पुढं केली. चन्नम्मा बसली नाही. खोलीतल्या यंत्रांकडं तिनं एकवार नजर फिरवली, जशी कारखान्यात नवीन आलेल्या मागाकडं फिरवत असेल.

"डॉक्टरांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "बुधवारी भरती व्हायला सांगितलंय. अक्का म्हनाल्या, मोबाइलवर आलं असतं ते थांबिवलं."

"हो. तुमच्या मुलीकडं फोन असतो म्हणून. काळजी करू नका, ते जाणार नाही."

"जाऊ द्या की ते."

गौरम्मांनी तिच्याकडं पाहिलं.

"आत्ता न्हाय," चन्नम्मा म्हणाली. "सोमवारी तिचा भूगोलाचा पेपर हाय, त्यो शेवटचा. मंगळवारी पाठवा. सकाळी. मी घरीच हाय, शेजारी बसते. ती वाचंल मला."

"पण तुम्हांला तर कळलंय आता," शिवलीला म्हणाली.

"मला आधीच कळलंय ह्ये तिला कशाला कळाया पायजे?"

गौरम्मा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या, लेकराला कशाला, असं काहीसं. चन्नम्मानं मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. कागदाची एक घडी तिनं उलगडली आणि अंगठ्यानं दाबून पुन्हा घातली.

"अक्का, म्या सांगितलं तर ती रडनार. मग मला तिला धीर द्यावा लागंल. तेवढा माज्याकडं न्हाय सद्या." तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "तिनं सांगितलं, तर ती मला धीर देती. नववीत मास्तर म्हनाले, पोरगी नापास हुनार, तवाबी तिनंच मला येऊन सांगितलं, आन् वर मलाच म्हनली, आई तू घाबरू नको. तशी हाय ती. मला म्हाईत हाय ना."

गौरम्मांनी गळ्यातल्या साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला, पण वाचण्यासारखं समोर काही नव्हतं, म्हणून पुन्हा काढला.

"म्या आदी तुलाच इचारलं असतं," त्या म्हणाल्या. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

"तुमी भल्यासाठीच केलं की, अक्का. आज आलं असतं तर भूगोल गेलाच व्हता."

शिवलीलानं रजिस्टर ओढून घेतलं. दुपारी लिहिलेल्या नोंदीखाली तिनं नवी ओळ सुरू केली. तोच नंबर. यादीतून काढणे. कुणाच्या सांगण्यावरून, या रकान्यात तिनं चन्नम्माचं नाव लिहिलं आणि ते बरोबर आहे का हे तिला वाचून दाखवलं. मग तारीख. इथं ती थांबली. टपालला तारीख समजत नव्हती. त्याला फक्त एक आणि सहा समजत होते. मंगळवारी सकाळी पाठवायचं, तर तिनं स्वतः येऊन ते हातानं पाठवायला हवं होतं.

"किती वाजता पाठवू?" तिनं विचारलं.

असं कुणी आपल्याला विचारेल, याची चन्नम्माला सवय नव्हती. तिनं आधी गौरम्मांकडं पाहिलं. गौरम्मा खिडकीबाहेर पाहत होत्या. मग तिनं मनातल्या मनात सकाळ लावून पाहिली, ते तिच्या हलणाऱ्या ओठांवरून कळत होतं.

"मंगळवारी आमच्याकडं नळाला पानी येतं," ती म्हणाली. "भरून हुईस्तवर पोरगी मोबाइल हातात धरत न्हाय. मग भाकरी. साडेनऊ करा."

शिवलीलानं साडेनऊ लिहिलं.

"थोडं मागं झालं तरी चालंल," चन्नम्मा म्हणाली. "पन आधी नको."